प्रेशर बॅरल गळतंय? झाकण आवळण्याआधी गळती शोधा

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे चार प्रेशर बॅरल दुरुस्तीला आले. दोघांची झाकणं पाइप पान्याने आवळून तडकलेली होती. तिसऱ्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचा बोटभर थर होता. चौथ्याला गळती नव्हतीच, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपलं काम चोख करत होता. पहिल्या तिघांत मूळ दोष एका रबरी रिंगचा होता आणि अर्ध्या तासात तो निघाला असता. पण प्रत्येकाने फुसफुस ऐकल्याबरोबर झाकण आवळलं, तरी थांबेना म्हणून आणखी आवळलं. म्हणून हा लेख.

बॅरल म्हणजे परदेशात घरी बिअर करणारे वापरतात ते साधारण २५ लिटरचं प्लास्टिकचं पिंप. वर रुंद तोंडाचं आट्यांचं झाकण, झाकणाच्या मधोमध गॅस भरायचा आणि जादा दाब सोडायचा व्हॉल्व्ह आणि तळाशी तोटी. नाशिकमध्ये अशी बॅरलं बहुतेक परदेशातल्या नातेवाइकांमार्फत आलेली असतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे माझी सगळी उदाहरणं कोकम सोडा आणि आलं-लिंबू सोड्याची आहेत. जिथे कायदा मुभा देतो तिथे राहून बिअर करणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या त्या-त्या जागी सांगितल्या आहेत. सील, म्हणजे गळती अडवणारं रबर, मात्र तेच आणि पायऱ्याही त्याच.

अंबडच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसचे सील बदलण्यात माझी २२ वर्षं गेली. तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचो तेच इथे सांगतो: सील जोराने धरत नाही. स्वच्छ जागा, योग्य मापाचं जिवंत रबर आणि बेताचा दाब, या तिन्हींनी धरतं. यातलं एक जरी नसलं तरी पाना कितीही मोठा घ्या, गळती राहणार.

आधी हे जमवून ठेवा

बॅरल उघडून बसल्यावर सामानासाठी रविवार कारंजाला पळावं लागलं की माणूस घाईत जुनंच रबर परत बसवतो. म्हणून सगळं आधी हाताशी घ्या.

- भांड्यांचा लिक्विड साबण, एक वाटी पाणी आणि जुना रंगाचा मऊ ब्रश
- टॉर्च, आणि शक्य असल्यास भिंग
- रिंगच्या खोबणीचं माप घ्यायला व्हर्निअर कॅलिपर. नसेल तर शेजारच्या वर्कशॉपमधून तासाभरासाठी आणा, फूटपट्टीने हे माप निघत नाही
- लाकडी दातकोरणी, जुना टूथब्रश, सुती फडकं
- पांढरं व्हिनेगर
- ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर, आणि फरशीचा एक सपाट तुकडा
- फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब
- नवी झाकणाची रिंग, तोटीचे वॉशर आणि व्हॉल्व्हची रबरी पट्टी, मिळत असल्यास प्रत्येकी दोन
- गॅससाठी सोडा मशीनचे ८ ग्रॅमचे कार्बन डायऑक्साइडचे बल्ब, किंवा रेग्युलेटर लावलेला सिलिंडर

सावधान: क्रीम फेटायच्या यंत्रासाठी मिळणारे बल्ब दिसायला अगदी सारखे असतात, पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. डब्यावरचं नाव वाचूनच घ्या. आणि सिलिंडर असेल तर रेग्युलेटरशिवाय बॅरलला कधीही जोडू नका. २० अंश तापमानाला भरलेल्या सिलिंडरच्या आत ८०० पीएसआयहून (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) जास्त दाब असतो, आणि हे बॅरल साधारण १० पीएसआयसाठी केलेलं असतं.

१. गळती आहे की व्हॉल्व्ह बोलतोय, हे आधी ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

बॅरलमध्ये दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की व्हॉल्व्ह जादा गॅस बाहेर सोडतो. तो सुटत असताना बारीक फुस्स आवाज येतो, मधूनच थांबतो, पुन्हा येतो. हा दोष नाही. तो आवाज बंद करायला जाणं धोक्याचं आहे.

आता नाशिकचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. गंगापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, गच्चीखालच्या खोलीत दुपारी ३५ अंश सहज होतात. साध्या वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात २० अंशांवर सुमारे ०.८८ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ३५ अंशांवर फक्त ०.५९ लिटर. म्हणजे सकाळी थंडाव्यात भरलेला गॅस दुपारी पाण्यातून बाहेर येतो, वरच्या मोकळ्या जागेत जमतो, दाब चढतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. १० पीएसआयला उघडणाऱ्या बॅरलमध्ये २० अंशांवर लिटरमागे साधारण दीड लिटर गॅस धरून ठेवता येतो, ३५ अंशांवर जेमतेम एक लिटर. संध्याकाळी सोडा बेचव लागला की लोक सीलला दोष देतात, तेव्हा सील शंभर टक्के शाबूत असतं.

बिअर करणाऱ्यांकडून याच जागी वेगळी चूक होते. बाटलीसाठी जितकी साखर घालतात तितकीच ते बॅरलमध्ये घालतात. साधी साखर लिटरमागे ४ ग्रॅम आंबली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो, आणि पेयात आधीचा थोडा गॅस असतोच. २० लिटरच्या बॅरलला ६० ते ८० ग्रॅम साखर पुरते. त्याच्या दुप्पट घातली तर व्हॉल्व्ह दिवसभर फुसफुसणार, आणि व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर त्याहून वाईट होईल.

तपासा: बॅरल मोठ्या टबात ठेवून भोवती बर्फाचं पाणी घाला आणि तीन-चार तास थांबा. आवाज पूर्ण थांबला आणि नंतर तोटीतून पेय जोराने आलं, तर गळती नाही, उष्णता होती. बॅरल थंड जागी ठेवा, पुढचं काही करायची गरज नाही. थंड करूनही आवाज चालूच राहिला, किंवा आवाज नसताना दाब संपला, तर पुढे चला.

२. जागा शोधा, दाब असतानाच

बॅरलमध्ये थोडा दाब हवा, ३ ते ५ पीएसआय पुरे. साबणाचं पाणी दाटसर करा: अर्ध्या वाटी पाण्याला एक चमचा लिक्विड. ब्रशने सावकाश लावा. जोरात घासलं तर ब्रशचाच फेस होतो आणि काही कळत नाही.

क्रम असा ठेवा: आधी व्हॉल्व्हचं टोक, मग व्हॉल्व्ह झाकणात बसतो ती जागा, मग झाकणाची कड पूर्ण फेरी मारून, मग तोटीच्या मागची चकती, शेवटी तोटीचं तोंड. वरून खाली यायचं कारण साधं आहे. साबणाचं पाणी ओघळतं. खालून सुरुवात केली तर वरच्या ओघळाचे बुडबुडे खालच्या जागेवर दिसतात आणि चांगली तोटी उगाच उघडली जाते.

प्रत्येक जागी पूर्ण एक मिनिट बघा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळती पांढऱ्या साबुदाण्यासारखा गच्च फेस हळूहळू वाढवते, आणि रात्रभरात बॅरल रिकामं करणारी बहुधा हीच असते. फेस दिसला की त्या जागी मार्करने झाकणावर आणि बॅरलच्या अंगावरही खूण करा. पुढे उपयोगी पडेल.

तोटीच्या बाजूला ओल दिसत असेल तर साबणाची गरज नाही. जागा पुसून कोरडी करा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. पहिला थेंब कुठून येतो ते बघा: तोटीच्या तोंडातून आला तर दोष तोटीच्या आत आहे आणि तोटीच बदलावी लागेल. चकतीच्या मागून आला तर वॉशर.

सावधान: टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बॅरलमध्ये हवा भरून तपासू नका. कॉम्प्रेसरचा दाब या प्लास्टिकच्या सहनशक्तीच्या कितीतरी पट असतो, आणि दाबलेली हवा फुटते तेव्हा तुकडे उडतात.

३. दाब पूर्ण उतरवा

गडबडीत ही पायरी विसरली जाते, म्हणून आकडा देतो. झाकणाचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर १० पीएसआय दाबाला आतला गॅस झाकणाला सुमारे ५५ किलोच्या जोराने वर ढकलत असतो. शेवटचा आटा सुटताना तेवढ्या जोराने झाकण तोंडावर येऊ शकतं.

व्हॉल्व्ह हाताने सोडता येत असेल तर त्याने गॅस काढा. नसेल तर तोटी वर येईल असं बॅरल आडवं ठेवा आणि तोटी उघडून गॅस जाऊ द्या. आवाज थांबल्यावरही पाच मिनिटं तोटी उघडीच ठेवा, कारण पेयातून गॅस निघतच राहतो. मग झाकण पाव फेरा सैल करा, थांबा, ऐका. फुसफुस आली तर ती संपेपर्यंत हात काढून बाजूला उभे राहा. तोंड झाकणावर नेऊ नका.

खिडक्या उघड्या ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साचतो. बाळ खाली खेळत असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत न्या.

४. उघडा, फोटो काढा, मग साफ करा

काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो: झाकणाची रिंग कोणत्या बाजूला वर होती, तोटीचे वॉशर आत होते की बाहेर, नट कोणत्या तोंडाने होता. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तोट्यांचे वॉशर चुकीच्या बाजूला बसवलेले असतात, आणि "असंच होतं" असं प्रत्येकजण खात्रीने सांगतो.

रिंग खोबणीतून काढायला सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. खोबणीच्या तळाला एक ओरखडा पडला की नवी रिंगसुद्धा तिथून गळेल. दातकोरणी तिरकी घालून एक बाजू उचला आणि बोटाने ओढा.

रबर जिवंत आहे का? रिंग बोटांत धरून उलटी वाकवा, जशी भेंडी मोडून बघतो तशी. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर रिंग गेली. मग तिचा आडवा छेद बघा. नवी रिंग गोल असते. जुनी दोन्ही बाजूंनी चपटी होते. चपटी झालेली रिंग दाबल्यावर परत फुगत नाही, तिची ताकद संपलेली असते. बाहेरून चकचकीत दिसली तरी बदला. उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली तर थोडी फुलते, पण हा एका कार्यक्रमापुरता उपाय आहे.

खोबण आणि कड. कोकमाचा आणि साखरेचा थर वाळून डिंकासारखा घट्ट होतो. कोमट पाण्याने भिजवून टूथब्रशने काढा. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकची कड वाकडी होते आणि ती नंतर सरळ होत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या बॅरलमध्ये पांढरा खरखरीत थर दिसेल. तो क्षार आहे, साबणाने जाणार नाही. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं पंधरा मिनिटं त्यावर ठेवा, मग पुसा.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला तिसऱ्या दुरुस्तीनंतर कळली. बॅरल दोन अर्ध्या साच्यांत तयार होतं. ते साचे जिथे जुळतात तिथे अंगावर एक बारीक उभी रेघ राहते, आणि बऱ्याच बॅरलांत ती रेघ तोंडाच्या कडेवरूनही जाते. तिथे प्लास्टिकचा केसाएवढा उंचवटा असतो. रिंग त्यावर बसते, उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना सूक्ष्म फट राहते आणि गॅस तिथून जातो. मघाशी साबणाच्या पाण्याने केलेली खूण याच रेघेपाशी आली असेल तर शंभर नव्या रिंगा बसवूनही गळती थांबणार नाही.

उपाय: फरशीच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा. बॅरल पूर्ण रिकामं करून उलटं धरा, कड पेपरवर सपाट टेकवा आणि हलक्या हाताने गोल-गोल फिरवा, फार तर पंधरा-वीस फेरे. मग ६०० नंबरने तेवढेच. फक्त उंचवट्याच्या जागी घासू नका, तिथे खड्डा पडेल. नखाने कडेवरून फेरी मारा. नख कुठेही अडखळलं नाही पाहिजे. नंतर आतून-बाहेरून भरपूर पाण्याने धुवा, पेपरची भुकटी पेयात जायला नको.

तपासा: झाकणाची आतली बाजू टॉर्च लावून बघा. आट्यांच्या मुळाशी किंवा व्हॉल्व्हच्या भोकाभोवती केसासारखी तडा दिसली तर झाकण बदला. एम-सील किंवा फेव्हिक्विकने तडा बुजवू नका. दाबाखाली ती जागा पुन्हा उघडते, आणि हे पदार्थ पिण्याच्या वस्तूला लागू नयेत.

५. नवं रबर: माप आणि जात

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक भागात ओ-रिंग आणि ऑइल सील विकणारी दुकानं आहेत, तिथे मापाची रिंग मिळू शकते. पण दुकानदाराच्या हातात नुसती जुनी रिंग देऊ नका. ती ताणलेली आणि चपटी झालेली असते. तिच्या मापाने घेतलेली नवी रिंग सैल आणि पातळ येते. खोबणीचं माप घ्या: आतला व्यास, रुंदी आणि खोली.

रिंगची जाडी खोबणीच्या खोलीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे झाकण बसल्यावर ती १५ ते २५ टक्के दाबली जाईल. खोबण ४ मिलिमीटर खोल असेल तर ५ मिलिमीटर जाडीची रिंग बरोबर बसते, २० टक्के दाब येतो. साडेचारची घेतली तर कमी पडते. सहाची घेतली तर झाकण टेकतच नाही, रिंग बाहेर फुगते आणि आवळताना कापली जाते. रिंगचा आतला व्यास खोबणीच्या आतल्या व्यासाइतका किंवा एक-दोन मिलिमीटर कमी घ्या. मोठा घेतला तर ती कुठेतरी लाटेसारखी उठून बसते.

जात निवडताना एक गैरसमज दूर करायला हवा. सिलिकॉनची रिंग मऊ, स्वच्छ आणि उष्णता सहन करणारी म्हणून लोक हौसेने तीच घेतात. पण सिलिकॉनमधून वायू बराच पाझरतो. दोन दिवसांच्या सोड्याला चालेल. बिअर आठवडेच्या आठवडे ठेवणाऱ्यांनी फूड ग्रेड नायट्राइल किंवा ईपीडीएम (ही कृत्रिम रबराची नावं) घ्यावी. फूड ग्रेड आहे का, हे विचारूनच घ्या. मशीनसाठीच्या काळ्या रिंगेला तेलाचा वास असतो आणि तो थेट सोड्यात उतरतो.

६. बसवणी

झाकणाची रिंग. खोबण आणि रिंग दोन्ही कोरड्या करा. बोटाच्या टोकावर तुरीच्या डाळीएवढं सिलिकॉन ग्रीस घ्या आणि रिंगवर सगळीकडे इतकं पातळ चोळा की रबर फक्त चमकेल. थर दिसला म्हणजे जास्त झालं. रिंग चार ठिकाणी समोरासमोर दाबून बसवा, मग मधले भाग. एका टोकाकडून ओढत नेली तर शेवटी फुगवटा उरतो.

ग्रीसच्या जागी घरातलं खोबरेल तेल लावू नका. तेल खवट होतं, रबर फुगवतं, आणि बिअरचा फेस मारतं. व्हॅसलीन नायट्राइलला चालतं, पण नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम त्याने फुगून मऊ पडतात. रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको. ती नुसती ओली करून बसवा.

झाकण ठेवताना आधी उलट्या दिशेने फिरवा, आटा खाली बसल्याचा टक असा आवाज येईल. मग सुलट फिरवा. हाताने घट्ट होईल तिथवर जा आणि फक्त पाव फेरा आणखी. इथे थांबा. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. या झाकणात आटा फक्त दाबून धरतो, गॅस अडवते ती रिंग. टेप लावल्याने झाकण रिंगपर्यंत पोहोचण्याआधीच घट्ट वाटू लागतं.

व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या दांड्याला बाजूला एक बारीक भोक असतं आणि त्यावर रबरी पट्टी चढवलेली असते. ज्यांनी जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हवर रबरी नळी चढवली आहे त्यांना हे बघताक्षणी कळेल, रचना तीच. पट्टी सैल किंवा चिकट झाली असेल तर बदला. चढवताना पाण्याने ओली करा, ग्रीस नको, नाहीतर दाबाने ती सरकते. भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे आणि पट्टीला पीळ पडायला नको. मूळची पट्टी ढिली वाटते म्हणून जाड नळी किंवा दोन पट्ट्या चढवू नका. काही झाकणांत हीच पट्टी जादा दाब सोडते, आणि ती जाड केली की बॅरलची एकमेव सुरक्षा जाते.

तोटी. वॉशर फोटोत होते त्याच बाजूला. दोन असतील तर एक आत, एक बाहेर, आणि दोन्ही वेळा रबर बॅरलच्या भिंतीला लागून. नट आणि रबर यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती आली असेल तर ती परत तिथेच ठेवा, नटाने रबराला पीळ पडू नये म्हणून ती असते. बाहेरून तोटी एका हाताने सरळ, तोंड खाली अशी घट्ट धरा आणि आतून नट फिरवा. बहुतेक लोक नट धरून तोटी फिरवतात. त्याने वॉशर चुरगळतो. माझा हात झाकणाच्या तोंडातून जात नाही, त्यामुळे आमच्याकडे नट फिरवायचं काम सूनबाई करतात आणि मी बाहेरून तोटी धरतो. हाताने घट्ट, मग पाव फेरा. वॉशर चकतीच्या बाहेर डोकावायला लागला की जास्त झालं, एक फेरा सोडा.

७. पाण्याने चाचणी, पेय भरण्याआधी

साधी चाचणी आधी करा. बॅरलमध्ये १५ लिटर साधं पाणी भरा, झाकण लावा, कोरड्या वर्तमानपत्रावर एक तास उभं ठेवा. मग उलटं करून आणखी एक तास. कागदावर एक जरी गोल डाग दिसला तरी पुढे जाऊ नका, पायरी ४ वर परत.

कागद कोरडा राहिला तर बॅरल सरळ उभं करा आणि ८ ग्रॅमचा एक बल्ब सोडा. त्यातून साधारण सव्वाचार लिटर गॅस निघतो. २५ लिटरच्या बॅरलमध्ये १५ लिटर पाणी असेल तर वर १० लिटर जागा राहते आणि दाब साधारण ६ पीएसआय होतो, तपासायला योग्य. पाणी जास्त भरून जागा कमी ठेवली तर त्याच बल्बने दाब दुप्पट होतो. म्हणून १५ लिटर मोजूनच भरा. सिलिंडरवाल्यांनी रेग्युलेटर ५ वर ठेवून भरावं आणि मग जोडणी काढावी.

लगेच, वरून खाली, त्याच क्रमाने साबणाचं पाणी लावा. प्रत्येक जागी एक मिनिट.

आता दुसऱ्या दिवशीची फसगत. सकाळी दाबमापक बघितला तर काटा अर्ध्यावर आलेला असतो, आणि लोक पुन्हा सगळं उघडतात. तो गॅस बहुतेक बाहेर गेलेला नसतो, पाण्यात विरघळलेला असतो. वर दिलेल्या मापात ६ पीएसआयचा दाब गळती अजिबात नसतानाही ३ च्या आसपास येऊन स्थिरावतो. म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा सोडून द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे सारख्याच तापमानाला, काटा बघा. दोन्ही सारखे असतील तर बॅरल धरतंय. दाबमापक नसेल तर त्या दोन्ही संध्याकाळी साबण लावा; फेस नाही म्हणजे गळती नाही.

तपासा: बॅरल बर्फात ठेवणार असाल तर चाचणीच्या शेवटी दोन तास तसंच ठेवून बघा. थंडीत रबर कडक होतं आणि प्लास्टिक आकसतं. पुष्कळ झाकणं खोलीत धरतात आणि बर्फात सुटतात. तसं झालं तर झाकण थंड असतानाच बोटभर आणखी फिरवा.

भरलेलं बॅरल ऐन वेळी गळायला लागलं तर

हळदी-कुंकवाला वीस बायका येऊन बसल्या आहेत आणि तोटीच्या मागून थेंब सुरू झाले, अशा वेळी बॅरल रिकामं करून दुरुस्ती होत नाही. वरून दाब पूर्ण सोडा. मग बॅरल तोटी वर येईल असं पाठीवर आडवं करा, खाली परात ठेवा. झाकण दाबाशिवाय नुसतं पाणी बहुधा धरतं. आडव्या बॅरलची तोटी आता पेयाच्या वर आहे, त्यामुळे थेंब थांबेल, आणि वरून जग बुडवून पेय काढण्यासाठी नंतर उभं करता येईल. दाब नसलेलं पेय बर्फ घालून लगेच वाढा.

गळती झाकणाची असेल तर बॅरल अर्धा तास बर्फात ठेवा म्हणजे गॅस पेयात बसून राहील, दाब सोडा, झाकण काढा, रिंग पुसून किंवा उलटी करून परत बसवा. चपटी वॉशरसारखी रिंग असेल तर तिची दुसरी बाजू बहुतेक वेळा एका दिवसाचं काम करते.

गळतं बॅरल रात्रभर तसंच ठेवून सकाळी बघू, असं मात्र करू नका. साखरेचं पेय हवेच्या संपर्कात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, रात्रीत आंबायला लागतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचा ताजा रस तर बॅरलमध्ये भरूच नका. द्राक्षाच्या सालीवर मुळातच यीस्ट असतं, आणि बंद बॅरलमध्ये त्याने चढवलेला दाब तुम्ही भरलेल्या गॅसवर आणखी चढतो. कोकम आणि आलं-लिंबूसुद्धा ज्या दिवशी भरलं त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावं.

ठेवणीतली एक चूक

वापर झाल्यावर लोक बॅरल धुतात, वाळवतात आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवतात. सहा महिने रिंग दाबलेली राहते आणि चपटी होते. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी गळती. रिंग काढून, पुसून, टाल्कम पावडर न लावता, कागदाच्या पाकिटात अंधाऱ्या कपाटात ठेवा. झाकण बॅरलवर नुसतं टेकवा आणि वरून सुती फडकं बांधा. तोटी अर्धी उघडी ठेवा. पाकिटावर रिंगचं माप आणि विकत घेतल्याचा महिना लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात जाताना व्हर्निअर शोधायला लागणार नाही.